कार्ड आहे, गाईड आहे, तरी पोटात गोळा: अर्ध्या दिवसाचं डायव्हिंग

पाणमांजर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

१४ महिन्यांपूर्वी ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला आणि कार्ड मिळालं. कोर्समधल्या ४ आणि नंतर हौसेने केलेल्या ५, अशा एकूण ९ डायव्ह लॉगबुकात आहेत. त्यानंतर अंगाला समुद्र लागलेला नाही. आता पंधरा दिवसांनी अर्ध्या दिवसाची ट्रिप ठरवली आहे. बोटीतून २ डायव्ह, आम्ही ६ जण आणि १ गाईड, फक्त कार्डवाल्यांसाठी. सकाळी साडेसातला हजर, दुपारी एकपर्यंत परत. पहिली डायव्ह जास्तीत जास्त १८ मीटर, दुसरी १२ मीटरच्या आसपास.

भीती पाण्याची नाही, हवेची आहे. मागच्या डायव्हला माझी टाकी २७ मिनिटांत २०० बारवरून (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) ५० बारवर आली आणि माझ्यापायी अख्ख्या गटाला वर यावं लागलं. बोटीवर कुणी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर बरं वाटलं असतं.

घरचे म्हणतात, गाईड आहे ना, तो बघेल. खरंच बघतो का? नक्की काय काय बघतो? आणि माझं मी काय बघायचं? अनुभवी लोकांनी सांगा.

उताणा_कासव

बिनधास्त जा हो. गाईडला पैसे त्याचेच मिळतात. मी तर पाण्यात गेलो की हवेच्या काट्याकडे बघतच नाही, मासे बघतो. हवा संपत आली की तोच येऊन विचारतो.

तळठाव

कासवा, हे नवख्यांसमोर बोलू नकोस रे.

पाणमांजर, आधी शब्दांचा गुंता सोडवू. पाण्याखाली तुमच्या पुढे पोहणारा माणूस तीन वेगवेगळ्या नात्यांनी असू शकतो. एक, ज्याने कधीच डायव्ह केलेली नाही अशाला हाताला धरून नेणारा. तिथे तरंगायचं जॅकेट तो फुगवतो, खोली तो ठरवतो, पाहुण्याने फक्त श्वास घ्यायचा. दोन, कोर्स शिकवणारा. तीन, कार्डवाल्यांना जागा दाखवणारा गाईड. तुमची ट्रिप तिसरी. तो वाटाड्या आहे. त्याला खडक कुठे संपतो, प्रवाह कधी उलटतो, कुठल्या कपारीत काय बसतं हे ठाऊक असतं. तुमच्या टाकीत किती हवा आहे हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही.

आयएसओच्या २४८०१ या मानकात डायव्हरच्या तीन पातळ्या आहेत. पहिली देखरेखीखाली डायव्ह करणाऱ्याची, दुसरी स्वायत्त डायव्हरची, तिसरी इतरांना नेणाऱ्याची. ओपन वॉटरचं कार्ड दुसऱ्या पातळीचं. म्हणजे शिकताना जशी परिस्थिती होती तशाच पाण्यात, आपल्याच पातळीच्या बडीबरोबर (पाण्यातला जोडीदार), गाईडशिवाय डायव्ह आखून सुखरूप परत येता येतं, असं तुमचं कार्ड म्हणतंय. येतं का, हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर डळमळीत असेल तर ट्रिपच्या आधी रिफ्रेशर, म्हणजे उजळणी करा. कार्डाची मुदत संपत नाही, पण हातांची संपते. १४ महिने म्हणजे थोडे नाहीत.

शिट्टी

धाग्याचं नाव वाचून आत आले. मी ११ वर्षं हेच काम करते, त्यामुळे ‘तो बघेल’ या वाक्याची दुसरी बाजू सांगते.

मी पुढे असते, तुम्ही मागे. म्हणजे डायव्हचा बहुतेक वेळ तुम्हाला माझे फिन्स दिसतात आणि मला तुम्ही दिसत नाही. दर काही मिनिटांनी वळून डोकी मोजते. पाणी स्वच्छ असेल तर सहाही एका नजरेत येतात. ८ मीटरचं दिसणं असेल आणि एकजण फोटोसाठी मागे रेंगाळला असेल, तर पाचच भरतात आणि माझ्या छातीत धस्स होतं. त्या दिवशी कुणाचा रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारा) निसटला, तर त्याच्यापाशी मी पोचायच्या आत त्याचा बडी पोचायला हवा. म्हणून बडी. ट्रिपमध्ये अनोळखी बडी गळ्यात पडला, तर बोटीवरच पाच मिनिटं गप्पा मारा. किती डायव्ह झाल्या, शेवटची कधी, कॅमेरा आहे का, हवा कशी जाते, सगळं विचारा. कॅमेरावाला बडी म्हणजे अर्धा बडी, हे माझं वैयक्तिक मत.

मी खरी परीक्षा पाण्यात घेत नाही, बोटीवरच घेते. गियर कोण स्वतः जोडतं, कोण नुसतं उभं राहून मदतनिसाची वाट बघतं, रेग्युलेटर टाकीला उलटा लावून कोण हसतं. त्यावरून कुणाला माझ्या हाताशी ठेवायचं ते ठरतं. ‘माझी शेवटची डायव्ह १४ महिन्यांपूर्वीची, हवा लवकर जाते’ असं कुणी आपणहून सांगितलं तर मला फार बरं वाटतं. मी त्याला जवळ ठेवते, मार्ग थोडा उथळ आखते. न सांगणाऱ्याचं मला पाण्यातच कळतं, आणि तिथे बोलता येत नाही.

ब्रीफिंगला कान उघडे ठेवा. किती खोल, किती वेळ, किती बारला मागे वळायचं, हरवलात तर काय. हरवल्यावरचा सर्वसाधारण नियम असा, की साधारण १ मिनिट शोधायचं, नाही दिसलं तर सावकाश वर यायचं. खुणा परत विचारून घ्या. अर्धी टाकी, म्हणजे १०० बार दाखवायची खूण जागोजागी वेगळी असते. आणि कृपा करून अंगठा दाखवू नका! पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ ‘वर चला’. सुंदर कासव दाखवल्यावर अंगठा वर करणारे मला दर महिन्याला भेटतात, आणि मी दर वेळी विचारते, खरंच वर जायचंय?

आता माझा प्रश्न. मागच्या वेळी बुडण्यासाठी कमरेला शिसं किती लावलं होतं? सूट केवढ्या जाडीचा, टाकी अ‍ॅल्युमिनियमची की पोलादी?

पाणमांजर

तळठावकाका, शिट्टीताई, आभार. रिफ्रेशर करतेच.

शिसं ९ किलो. सूट ३ मिलिमीटरचा, टाकी अ‍ॅल्युमिनियमची. माझं वजन ५६ किलो. कोर्सच्या वेळी तळावर गुडघे टेकून बसावं लागायचं म्हणून तेवढं दिलं होतं, तेच पुढे चालू राहिलं. जास्त आहे का?

शिट्टी

सापडला चोर.

तुमच्यासारख्या बांध्याला, त्या सुटात, खाऱ्या पाण्यात ९ किलो म्हणजे कमरेला नांगर बांधल्यासारखं. समजा ४ किलो फालतू आहे. ते उचलून धरायला जॅकेटमध्ये साधारण ४ लिटर हवा जास्तीची भरावी लागते. ही हवा एका जागी शांत बसत नाही. थोडं खाली गेलात की आक्रसते आणि तुम्ही आणखी खाली जाता. थोडं वर आलात की फुगते आणि तुम्हाला वर ओढते. मग सतत बटण दाबा, हवा सोडा, परत भरा. शिवाय शिसं कमरेला आणि हवा छातीपाशी, म्हणून पाय खाली लोंबतात आणि शरीर तिरकं होतं. अशा अवस्थेत फिन मारला की अर्धी ताकद पुढे जाण्याऐवजी वर राहण्यात जाते. पायाला काम म्हणजे फुफ्फुसाला काम. लोक म्हणतात, ‘माझी फुफ्फुसंच मोठी’. मी म्हणते, आधी पट्टा दाखवा.

तपासायची रीत जुनी आहे. सगळं गियर घालून, रेग्युलेटर तोंडात धरून पाण्यात उभे राहा. जॅकेट पूर्ण रिकामं करा, नेहमीसारखा श्वास घेऊन रोखा, हातपाय हलवू नका. पाणी डोळ्यांच्या पातळीवर आलं पाहिजे. श्वास सोडला की हळूहळू बुडायला लागलात तर वजन बरोबर. श्वास रोखायचा तो फक्त इथे, पृष्ठभागावर. पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही, हे तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांत नवे असतील म्हणून लिहिलं.

ही चाचणी भरलेल्या टाकीने केली तर त्यावर साधारण २ किलो वाढवा. भरलेल्या टाकीतली हवाच अडीच किलोच्या वर भरते आणि डायव्हच्या शेवटी ती गेलेली असते. अ‍ॅल्युमिनियमची टाकी तर रिकामी झाली की तरंगू पाहते. शेवटी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं असताना तुम्ही बुचासारख्या वर गेलात तर उपयोग काय?

एकदम ९ वरून ५ वर मात्र उडी मारू नका. रिफ्रेशरला उथळ पाण्यात एकेक किलो काढत बघा.

मोजूनमापून

शिट्टीताईंनी दुखणं सांगितलं, मी आकडे मांडतो. मला त्याशिवाय झोप लागत नाही.

अ‍ॅल्युमिनियमची नेहमीची ८० घनफुटांची टाकी आत ११.१ लिटरची असते. तुम्ही २०० बारने उतरलात आणि ५० वर आलात, म्हणजे १५० गुणिले ११.१, साधारण १६६५ लिटर हवा घेतली. वेळ २७ मिनिटं. सरासरी खोली किती होती?

पाणमांजर

लॉगबुकात सरासरी १२ मीटर लिहिली आहे.

मोजूनमापून

झालं मग. १२ मीटरवर दाब २.२ बार. १६६५ भागिले २७ भागिले २.२ म्हणजे पृष्ठभागाच्या हिशोबाने मिनिटाला २८ लिटर. शांत, सरावलेला माणूस १५ च्या आसपास असतो, नवखा २० ते २५. तुम्ही जास्त आहात, पण जगावेगळ्या नाही.

आता गंमत बघा. दर १० मीटरला १ बार वाढतो. २८ लिटरने १८ मीटरवर २.८ बार दाबात तुम्ही मिनिटाला ७८ लिटर ओढणार. सगळी डायव्ह तिथेच काढलीत तर तेच १६६५ लिटर २१ मिनिटांत संपतात. १० मीटरवर राहिलात तर जवळजवळ ३० मिनिटं. म्हणून गाईड खाली असला तरी तुम्ही त्याच्या २-३ मीटर वर, तिरक्या रेषेत राहू शकता. दिसतं तेवढंच, हवा मात्र वाचते. आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

दुसरा हिशोब ‘५० बार’चा. बरेच जण ५० बारला वर निघतात. ५० बार उरवून पृष्ठभागावर यायचं असतं! समजा १८ मीटरवर बडीची हवा गेली आणि दोघं तुमच्या टाकीवर आलात. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर धरू, दोघांचे ६०. सावरायला १ मिनिट म्हणजे १६८ लिटर. मिनिटाला ९ मीटरच्या गतीने वर यायला २ मिनिटं, सरासरी १.९ बार, म्हणजे २२८. ५ मीटरवर ३ मिनिटं थांबलात तर २७०. बेरीज ६६६ लिटर, तुमच्या टाकीत ६० बार. म्हणजे १८ मीटरवरून निघताना ६० च्या खाली असाल तर तुम्ही दुसऱ्याला वाचवू शकत नाही. हाच हिशोब ३० मीटरवरून केला तर आकडा ९० बारच्या पुढे जातो.

उताणा_कासव

बापरे. मी डायव्हिंगला जातो की सीएच्या परीक्षेला?

त्यापेक्षा नायट्रॉक्स घ्या ना. जास्त ऑक्सिजन, जास्त वेळ.

तळठाव

हा गैरसमज मुळासकट उपटायला हवा. नायट्रॉक्सने टाकी लवकर किंवा उशिरा संपत नाही. नायट्रोजन कमी असल्यामुळे डेकोची मर्यादा, म्हणजे वर येताना वाटेत सक्तीने थांबावं न लागता खाली राहायची वेळ, लांबते, बस. १८ मीटरवर साध्या हवेने पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात ५६ मिनिटं मिळतात, आणि बाईंची हवा २१ मिनिटांत संपते आहे. जी भिंत लागतच नाही ती मागे सरकवून काय करायचं? शिवाय त्यासाठी वेगळं कार्ड लागतं, आणि ३२ टक्क्यांचं मिश्रण साधारण ३४ मीटरच्या खाली नेत नाहीत.

(जाता जाता: पाठीवरच्या टाकीला ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणणाऱ्या बातमीदारांना माझा साष्टांग नमस्कार. त्यात साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली घेतला तर झटका येऊन माणूस जाऊ शकतो.)

मिठागर

वरती बडीचा विषय निघाला म्हणून माझा किस्सा. अशीच अर्ध्या दिवसाची ट्रिप, असाच गाईड, माझी साठावी की एकसष्टावी डायव्ह. म्हणजे मी स्वतःला शहाणा समजू लागलो होतो.

बोटीवर बडीबरोबर सगळी तपासणी झाली. मग उडी मारायच्या आधी बोटीवरच्या पोराने मागून माझ्या टाकीची व्हॉल्व्ह चाचपली. चांगल्या मनानेच. ‘पूर्ण उघडून अर्धा फेरा मागे’ अशी एक जुनी सवय असते, त्याने ती उलटी केली. म्हणजे पूर्ण बंद करून अर्धा फेरा उघडली. पाण्यावर काहीच कळलं नाही, श्वास छान येत होता. ५ मीटरवरही ठीक. १५ मीटरवर हवा दाट झाली, जास्त लागायला लागली, आणि एकेक श्वास गाळणीतून ओढल्यासारखा यायला लागला. काट्याकडे बघितलं तर श्वास घेतला की काटा धाडकन खाली, सोडला की परत १७० वर.

गाईड पुढे १२-१५ मीटरवर कोळंबी दाखवत होता. त्याची चूक नाही, त्याचं ते कामच. बडी हाताच्या अंतरावर होती. तिने आधी तिचा जादाचा रेग्युलेटर माझ्या तोंडात दिला, मग मागे हात घालून व्हॉल्व्ह उघडली. दोन मिनिटांत प्रकरण मिटलं. गाईडला बोटीवर सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

तेव्हापासून एक नियम. माझ्या टाकीला कुणीही हात लावला, गाईडने का असेना, की रेग्युलेटरमधून ४-५ जोरदार श्वास घ्यायचे आणि नजर काट्यावर ठेवायची. काटा थरथरला तरी पाण्यात जायचं नाही. काटा मेल्यासारखा स्थिर हवा.

शिट्टी

मिठागर, अंगावर काटा आला. आमच्याकडे आता अर्धा फेरा मागे घ्यायची पद्धत बंद आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडी नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नाही.

परतीचं_तिकीट

अवांतर प्रश्न. ट्रिप दुपारी एकला संपते, तर त्याच रात्री दहाचं विमान चालेल का? अर्धाच दिवस आहे म्हणून विचारतो.

मोजूनमापून

नाही. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेची शिफारस अशी: डेकोशिवायची एकच डायव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एका दिवसात अनेक डायव्ह किंवा अनेक दिवस डायव्हिंग असेल तर किमान १८ तास. तुमच्या २ डायव्ह होतील, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आधी नको. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, आणि अंगात मुरलेला नायट्रोजन तोवर निघालेला नसतो. डायव्हिंग अर्धा दिवस असलं तरी सुट्टी पूर्ण काढा.

तळठाव

आणि दोन डायव्हमधली खोल ती आधी, उथळ ती नंतर. हा दंडकच.

मोजूनमापून

काका, दंडक नाही, रिवाज. १९९९ मध्ये स्मिथसोनियनमध्ये याच विषयावर कार्यशाळा झाली होती. डेकोशिवायच्या डायव्हमध्ये, दोन डायव्हच्या खोलीतला फरक १२ मीटरच्या आत असेल तर उलटा क्रम मना करायला आधार सापडला नाही, असा निष्कर्ष निघाला.

तळठाव

ते मला ठाऊक आहे. तरी मी म्हणणार, की पहिल्या डायव्हला माणूस ताजा असतो, दुसरीला गारठलेला आणि बोटीवर तासभर हेलकावे खाल्लेला. पाणी हवेच्या विसाहून जास्त पटीने अंगातली ऊब ओढतं. थकलेल्याला उथळात नेलेलं बरं. कार्यशाळेत बोट हलत नव्हती.

मोजूनमापून

हे मान्य.

कानामात्रा

आयडीवरून ओळखलंच असेल, मी कान-नाक-घसा बघतो. सगळे हवेवर बोलताहेत, पण डायव्ह अर्ध्यात सोडायला लावतात ते बहुतेक कान.

दाबातला सगळ्यात मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्ये होतो, तिथे तो थेट दुप्पट होतो. १० वरून २० वर जाताना दीडपटच. म्हणून कान मोकळे करायला पृष्ठभागावरच सुरुवात करा आणि पहिले काही मीटर दर अर्ध्या-एक मीटरला करत राहा. दुखायची वाट बघायची नाही. दुखलं तर उशीर झाला. १ मीटर वर या, मोकळे करा, पुन्हा खाली. नाक दाबून जोर लावायच्या पद्धतीला ज्याचं नाव आहे तो वाल्साल्वा अठराव्या शतकातला इटालियन शरीरशास्त्रज्ञ. त्याला ती कानातला पू बाहेर काढायला हवी होती, डायव्हिंग त्याच्या स्वप्नातही नव्हतं. जोरात फुंकू नका. आतल्या कानाला इजा झाली तर ती मी दुरुस्त करू शकेनच असं नाही. गिळण्याची क्रिया आणि नाक दाबणं एकत्र करून बघा, बऱ्याच जणांना ते सोपं जातं.

सर्दी असेल तर ट्रिप सोडा. नाक मोकळं करणारं औषध घेऊन उतरलात आणि त्याचा असर खालीच ओसरला, तर वर येताना हवा अडकते. खाली जाताना कान अडले तर परत फिरता येतं. वर येताना अडले तर कुठे जाणार? बोट लागू नये म्हणून गोळी घेणार असाल तर ती आधी एखाद्या साध्या दिवशी घेऊन बघा, काहींनी भयंकर झोप येते. आणि तब्येतीचा फॉर्म आत्ताच मागवून वाचा. त्यात एखाद्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर डॉक्टरची सही लागू शकते. बोटीच्या धक्क्यावर सकाळी साडेसातला डॉक्टर कुठून आणणार?

पाणमांजर

मंडळी, जाऊन आले. वचन दिल्याप्रमाणे वृत्तांत.

आदल्या आठवड्यात तलावात दीड तास रिफ्रेशर केला. मास्कमध्ये पाणी भरून काढणं, रेग्युलेटर सोडून परत पकडणं, जागच्या जागी तरंगणं. पहिलं जमलं, दुसरं जमलं, तिसऱ्याला मी लोलकासारखी वर-खाली. ट्रिपच्या दिवशी बोटीच्या शिडीपाशी शिसं तपासलं. ९ चे ७ केले, ६ केले, शेवटी चाचणीनंतरचे २ धरून ५ किलोवर डोळ्यांच्या रेषेत पाणी आलं. म्हणजे इतके दिवस मी ४ किलो उगाच वाहत होते! गाईडला आधीच सांगितलं होतं, ९ डायव्ह, १४ महिने, हवा लवकर जाते. त्याने मान डोलावली आणि मला त्याच्या डाव्या हाताला ठेवलं. बडी ४० डायव्ह झालेला एक शांत गृहस्थ, कॅमेरा नाही.

उतरताना ३ मीटरवर डावा कान अडला. पूर्वीची मी दात खाऊन खाली गेले असते. या वेळी हात दाखवला, १ मीटर वर आले, गिळलं, फट् झालं. गटाने थांबून वाट बघितली. कुणाचंही काही बिघडलं नाही.

पहिली डायव्ह ३५ मिनिटं, सरासरी ११ मीटर, २०० वरून ६० बार. मी ८० ला बडीला आकडा दाखवला, गाईडला दाखवला, त्याने गटाला वळवलं. मजा म्हणजे माझ्याआधी दुसऱ्याच एकाने ८० दाखवले होते! वर येईपर्यंत लाल रंग परत यायला लागला आणि ५ मीटरवरच्या सेफ्टी स्टॉपला माझ्या हातातला पट्टा, जो खाली राखाडी दिसत होता, तो लालभडक असल्याचं मला पहिल्यांदा लक्षात आलं. ३ मिनिटं तोच बघत बसले.

दुसऱ्या डायव्हला वाऱ्याने पाणी ढवळलं होतं आणि प्रवाह थोडा उलटा लागला. १५ मिनिटांनी पाय भरून आले, श्वास वाढला. अजून ११० बार होते. मी अंगठा दाखवला. खरा अंगठा, शिट्टीताई! बडी लगेच निघाला, गाईडने दोरीला बांधलेला खुणेचा फुगा वर सोडला आणि आम्ही दोघं त्याच्या दोरीलगत वर आलो. बाकीचे पुढे गेले. बोटीवर मला वाटलं होतं तसं अवघडल्यासारखं झालं नाही. बडी म्हणाला, ‘बरं झालं, मलाही पोटऱ्यांत गोळे येत होते.’

मोजूनमापून

१४० गुणिले ११.१ भागिले ३५ भागिले २.१. मिनिटाला २१ लिटर! २८ वरून २१. अभिनंदन. ट्रिपचं निम्मं श्रेय ४ किलो शिशाला.

शिट्टी

तो अंगठा मला सगळ्यात आवडला. ११० बार असताना दाखवलेला.

उताणा_कासव

छान वृत्तांत. तरी मी माशांकडेच बघणार. पण त्या ६० बारच्या हिशोबाने दोन रात्री डोक्यात घर केलंय, त्यामुळे मधूनमधून काट्याकडेही बघेन म्हणतो.

मिठागर

मधूनमधून म्हणजे किती मीटरला एकदा ते लिहून दे. तुझा बडी व्हायचं की नाही ते मग ठरवतो.

पाणमांजर

😄 एक शेवटचं विचारते. गाईडने तो फुगा सोडला ते बघून मलाही शिकावंसं वाटतंय, म्हणजे पुढच्या वेळी बडीबरोबर आपापलं वर येता येईल. सराव कुठे करू?

शिट्टी

उथळ पाण्यात, ५-६ मीटरवर, खाली वाळू आणि वरून बोटींची ये-जा नसलेल्या जागी. पहिल्या चार-पाच वेळा कुणीतरी अनुभवी समोर हवा. फुगा वर जाताना रील (दोरीचं रीळ) मोकळं फिरू द्या, आणि दोरी मनगटाला गुंडाळू नका, रील जॅकेटला अडकवूही नका. अडकलं तर सोडून द्या. रील दुसरं मिळतं.